सयाजीमामांची दुसरी विळी

सयाजीमामांशी बोलायचं असेल तर आधी त्यांचा रंधा थांबायची वाट बघावी लागते. मध्येच हाक मारली तर मान वर न करता म्हणतात, "हात सरकला तर तू भरणार हाईस काय?" मग लाकडाची शेवटची साल गुंडाळी होऊन खाली पडते, मामा फुंकर मारतात, चष्मा कपाळावर ढकलतात आणि विचारतात, "हं. बोल."

उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये ते एकोणतीस वर्षं आहेत. काम पॅटर्नमेकरचं. बिडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी ती हुबेहूब लाकडात करावी लागते. त्या लाकडाचा ठसा वाळूत घेतात आणि ठशात वितळलेलं बीड ओततात. गार होताना बीड आकसतं, म्हणून लाकूड थोडं मोठं कापायचं. किती मोठं, हे पट्टीवर असतं, पण मामा पट्टी बघतात ती बोटांनी आधी ठरवून झाल्यावर.

मी त्याच शेडच्या ऑफिसात टपाल, फोन आणि ई-मेल सांभाळते. मालक श्रीपाल आण्णा. त्यांच्या वडिलांच्या काळापासून आम्ही दुसऱ्यांचा माल ओतत आलो. कुणाचं पंपाचं झाकण, कुणाच्या मशीनचा पाय. कागद त्यांचा, नाव त्यांचं, घाम आमचा. मामांनी स्वतःच्या डोक्यानं एकच वस्तू पूर्वी केली होती, गोठ्यात जनावर बांधायचं कडं. जनावराच्या मानेला काचू नये असं त्याला वळण दिलं होतं. दोन महिन्यांत शेजारच्या तीन गल्ल्यांत तेच कडं ओतलं जाऊ लागलं.

"भांडला नाहीत?" मी एकदा विचारलं.

"कुणाशी? माझं हाय म्हणून लिवलं हुतं व्हय त्याच्यावर?" मामा म्हणाले. "एकानंबी इचारलं न्हाय एवढंच. इचारलं असतं तर मी पॅटर्न करून दिला असता की."

गेल्या वर्षी मामांनी दुसऱ्यांदा स्वतःचं काही केलं. त्यांच्या बायकोचे, बनाबाईंचे, गुडघे धरले. जमिनीवर बसून विळीवर चिरायचं बंद झालं, आणि सुरीनं चिरलेली भाजी त्यांना भाजी वाटेना. मामांनी ओट्यावर ठेवून उभ्यानं चिरता येईल अशी बिडाची विळी केली. जड बूड, त्यामुळं पाय न देता जागची हलत नाही. आणि बुडाचा बाक असा, की एक गुडघा उभा करून बाई विळीवर बसते तसा. पातं काढून नुसतं बूड ठेवलं तरी कुणीतरी बसलंय असं वाटावं.

श्रीपाल आण्णांनी ती हातात घेतली, फिरवली, खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. "मामा, ही दुसऱ्याची नाही करायची. ही आपली." जानेवारीत पुण्याला स्वयंपाकघरातल्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन होतं. तिथं आमच्या नावानं मांडायची असं ठरलं. पण कड्याचं उदाहरण आण्णांच्याही डोळ्यांसमोर होतं. म्हणून दिवाळी झाल्यावर आम्ही तिघं राजारामपुरीत क्रांती वकिलांकडे गेलो.

त्यांचं ऑफिस एका कोचिंग क्लासच्या वर. जिन्यात पोरांच्या चपलांचा खच. त्यातून वाट काढत मामा वर आले ते विळी पोत्यात गुंडाळून, लेकरासारखी काखेत घेऊन.

क्रांतीताईंनी विळी टेबलावर उभी केली. "मामा, ही चिरते चांगली?"

"बनाबाईला इचारा."

"चिरते ते तुमचं नाही, हे आधी सांगते. चिरणं फार जुनं. जड बूड आहे म्हणून हलत नाही, तेही या कायद्यात तुमचं होत नाही. डोळ्याला जे दिसतं, हा बाक, हे वळण, ही घडण, तेवढंच तुमचं होऊ शकतं. याला डिझाइनची नोंदणी म्हणतात. दहा वर्षं, आणि नूतनीकरण केलं तर अजून पाच. तेवढ्या काळात तुमच्या परवानगीशिवाय कुणी हा आकार काढला तर त्याला थांबवता येतं."

"आन कुणी जरा फरक करून काढला तर?"

"बघणाऱ्याला तीच वाटली, तर तीच. पण एक अट आहे. अर्ज करायच्या दिवसापर्यंत ही कुणाला दाखवलेली नको. बाजारात नको, प्रदर्शनात नको, फोटोत नको."

"म्हंजे पोरगी चारचौघांत न्यायच्या आधी साखरपुडा," मामा म्हणाले.

"तसंच समजा," क्रांतीताई हसल्या आणि कागद पुढं ओढला. "तर इथं लिहायचं, की हे डिझाइन आधी कुठंही प्रसिद्ध झालेलं नाही. आण्णा, सही इथं."

आण्णांनी पेन उघडलं. मला काय आठवलं ते मी अजून बोललेच नव्हते, तेवढ्यात मामा म्हणाले, "थांबा आण्णा. खंडेनवमीला पूजेत हुती की."

आमच्याकडं दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रांची पूजा असते. लेथ पुसायच्या, भट्टीला झेंडूची माळ, हत्यारं चौरंगावर. सगळ्या गल्लीची शटरं उघडी आणि सगळी गल्ली एकमेकांकडं पेढे खायला. मामांना त्यांच्या उस्तादानं लावलेली सवय अशी, की त्या वर्षी हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम हत्यारांच्या शेजारी ठेवायचं. त्या दसऱ्याला ठेवलं ते विळीचं लाकूड आणि शेजारी ओतलेला पहिला नग.

"किती जणांनी बघितली असेल?" क्रांतीताईंनी विचारलं.

"अर्ध उद्यमनगर पेढा खाऊन गेलं. चौघांनी उचलून वजन बघितलं. मीच बघा म्हणलो."

"फोटो?"

मामांनी माझ्याकडं बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाले, "काढला आसंल कुणीतरी. गर्दी हुती."

मी म्हटलं, "मी काढला. कंपनीच्या नंबरवरून स्टेटसला ठेवला. तीनशे नऊ लोकांनी बघितला."

आण्णांनी पेनाला टोपण लावलं. "झालं," म्हणाले. मग, "ताई, पण तो फोटो गेला आता. पूजा कुणाच्या लक्षात राहते? सही केली तर कोण शोधायला येतंय?"

"ज्याला नक्कल करायची आहे, तो," क्रांतीताई म्हणाल्या. "तुम्ही त्याला अडवलं की तो पहिलं काम हेच करेल. तुमची विळी आधी कुणी बघितली, हे शोधत फिरेल. आणि त्याला एक स्क्रीनशॉट मिळाला, की नोंदणी रद्द. वर खोटं लिहिलं हे राहीलच."

जिना उतरताना आण्णा दोन पायऱ्या पुढं होते. मागं न वळता म्हणाले, "मामा, देवाला दाखवायचीच होती तर शटर तरी ओढायचं."

"शटर ओढून पूजा करत्यात व्हय?" मामा म्हणाले.

आण्णा गाडीवरून निघून गेले. आम्ही दोघं रिक्षात. मी रडत होते, आणि मामा पोत्याची गाठ पुन्हा पुन्हा घट्ट करत होते.

"कशाला बोललीस? मी घेतलं असतं की अंगावर."

"मग तुम्ही तरी का बोललात? सही होतच होती."

"लाकडात गाठ दिसली तर तितंच सांगायची असती, पोरी. वरनं रंग मारून दिली, तर ओतताना उघडी पडती. आन मग नुसतं लाकूड जात न्हाय. सगळी भट्टी जाती."

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहून नेला होता. आण्णांनी तो वाचला, उलटा केला आणि त्याच्या पाठीवर पुण्याच्या प्रदर्शनाची तारीख लिहिली. "पन्नास दिवस आहेत," म्हणाले. "इथून पुढं स्टेटस टाकायच्या आधी मला विचारायचं. जा, मामांना चहा दे." एवढंच. मी त्या माणसाची ऋणी आहे ते या शेवटच्या वाक्यासाठी.

प्रश्न साधा होता. ती विळी सगळ्यांनी बघितलेली. दुसरी करायची, आणि ती पहिलीसारखी दिसता कामा नये. झाली तर ती आमची. नाही झाली तर पुण्याला जाऊन आम्ही ज्याला हवं त्याला आयती नक्कल द्यायची, किंवा जायचंच नाही आणि पुन्हा लोकांची झाकणं ओतत बसायचं.

मामांनी शेडच्या कोपऱ्याला गोणपाटाचा पडदा लावला. आत कुणाला प्रवेश नाही. गल्लीतली माणसं येता-जाता टोमणे मारायची, "काय मामा, आत बाळंतीण हाय काय?"

"व्हय. बारशाला या, घुगऱ्या खायला," मामा आतून म्हणायचे.

पंधरा दिवसांत त्यांनी तीन पॅटर्न केले. आम्ही तिन्ही घेऊन पुन्हा तो जिना चढलो. क्रांतीताईंनी माझ्या स्टेटसचा तो फोटो मोठा करून छापून ठेवला होता. त्याच्या शेजारी एकेक लाकूड ठेवत गेल्या.

"ही सख्खी बहीण. ही मावसबहीण. आणि ही," तिसरं लाकूड त्यांनी जरा लांब धरून बघितलं, "ही तीच, केस कापून आलेली. मामा, बारीक फरकानं भागणार नाही. परक्या घरची पाहिजे."

"म्हंजे लेक न्हाय, सून पायजे," मामा म्हणाले. पण हसले नाहीत.

परतताना मला म्हणाले, "माझ्या हातात त्योच बाक बसलाय. पटाशी लावली की तिकडंच जाती."

रविवारी मी त्यांच्या घरी गेले, उचगावला. खरं म्हणजे माफी मागायला गेले होते. बनाबाई स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून त्याच पहिल्या विळीवर मेथी चिरत होत्या. मामा दारातल्या खुर्चीवर, पेन्सिल कानावर, कागद कोरा.

"बस," बनाबाई मला म्हणाल्या. "तुझ्या मामानं आठ दिस झालं धड जेवण केलं न्हाय. एका इळीपायी."

"तुझ्यासाठीच केली हुती की," मामा म्हणाले.

"व्हय. केलीसा." मेथीची जुडी पात्यावर सरसर फिरत होती. मग ती थांबली. "एक सांगू? राग येईल."

"सांग."

"ही इळी बसल्याली हाय. मी उभी हाय."

मामा खुर्चीतून उठले. "म्हंजे?"

"म्हंजे काय? पूर्वी मी खाली बसायचो, गुडघा असा वर. ते ध्येनात ठेवून तुम्ही हिला बसवलासा. दिसायला देखणी. पर आता मी बसतोय कुठं? उभं ऱ्हायलं की माझा सगळा भार ह्या डाव्या हातावर येतो. त्यो हात टेकायला जातो, आन तुमचा त्यो देखणा गुडघा हितं टोचतो." त्यांनी मनगट पुढं केलं. आतल्या बाजूला लाल वळ होता.

"दोन म्हैनं झालं. का बोलली न्हाईस?"

"किती कौतुकानं आणलीसा. मी काय बोलतो?"

मामा त्या वळाकडं बघत राहिले. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी परसात जाऊन शाडूचा गोळा भिजवून आणला, ओट्यावर थापला आणि म्हणाले, "चीर."

"मातीवर?"

"पातं हाय असं समज. हात टेक. रोज टेकतीस तसा. लाजू नको, स्वप्नाली आपलीच हाय."

बनाबाईंनी डावा तळवा टेकला. उजव्या हातानं नसलेली मेथी चिरली. मग नसलेला कांदा. मग मामांनी भोपळा सांगितला, तेव्हा त्या हसायला लागल्या. "भोपळ्याला मी दोन्ही पाय लावतो," म्हणाल्या. हसण्यानं त्यांचा भार सरकला आणि मातीत तळव्याची उतरण अजून खोल गेली. मामांनी त्यांचा हात हळूच बाजूला केला. आत जे उमटलं होतं, त्यात त्या पहिल्या बाकाचं काहीही नव्हतं.

चौथं लाकूड सहा दिवसांत झालं. डावीकडं तळव्याएवढी सखल उतरण, तिथून एकाच लाटेत उजवीकडं चढ, आणि चढाच्या टोकाला पातं. लांबून बघितलं तर जोतिबाचा डोंगर दिसतो, असं मी म्हटलं.

"डोंगर न्हाय. मनगट हाय," मामा म्हणाले.

क्रांतीताईंनी ते लाकूड फोटोशेजारी ठेवलं आणि चारी बाजूंनी फिरवून बघितलं. आण्णांचा धीर सुटला. "ताई?"

"हिचं माहेर वेगळं आहे," त्या म्हणाल्या. "हिला कुणी बघितलं?"

"मी, बनाबाई, ही पोरगी, आण्णा, आता तुम्ही," मामांनी बोटं मोजली. "आन भट्टीवाला. त्याला शपथ घातलीया."

अर्जाला सात बाजूंचे फोटो लागतात. पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि एक तिरका. ते शेडमध्येच काढले, पांढऱ्या चादरीवर. विळी वळवायचं काम मामांनी कुणाला करू दिलं नाही. खालच्या बाजूचा फोटो काढताना त्यांनी मला थांबवलं आणि बूड कानशीनं पुन्हा घासलं.

"मामा, खाली कोण बघतंय?"

"सरकार बघायलंय की."

एकाच गोष्टीवरून ते क्रांतीताईंशी अडले. हात टेकायला उतरण आहे, हे अर्जात लिहायचं नाही म्हणाल्या, आकार आणि घडण एवढंच लिहायचं.

"हात टेकतो म्हणून तर ती तशी दिसती," मामा म्हणाले.

"खरंय. पण हात टेकायला दुसरी पन्नास वळणं देता आली असती. तुम्ही हे दिलं. कायदा ती निवड जपतो, टेकणं नाही."

मामांनी विचार केला. "म्हंजे उद्या कुणी दुसऱ्या वळणानं बाईच्या हाताची सोय केली, तर तुम्ही अडवणार न्हाईसा?"

"नाही."

"मग बरं हाय. लिवा."

अर्ज गेला, नंबर आला, आणि पंधरा दिवसांनी पुण्याच्या प्रदर्शनात विळी मांडली. तिथं बायका रांगेनं येऊन उतरणीवर हात टेकून बघायच्या आणि दुसऱ्या हातानं नसलेलं काहीतरी चिरायच्या. मामा स्टॉलच्या मागं उभे राहून त्यांची मनगटं बघायचे. नोंदणी कार्यालयाची एक शंका आली, क्रांतीताईंनी तिला उत्तर दिलं, आणि काही महिन्यांनी प्रमाणपत्र आलं. त्यावर नाव कंपनीचं आहे, कायद्यानं ते मालकाचं असतं. आण्णांनी त्याची छापील प्रत आधी पडद्याआड नेऊन मामांच्या हातात दिली आणि देताना वाकले. मामांनी पाय मागं घेतले. "काय करताय आण्णा, पोरं बघायल्यात," म्हणाले, आणि मग पुढच्या पानावरचे फोटो बघत बसले. विशेष करून खालून काढलेला.

मधल्या काळात पहिली विळी बाजारात आलीच. गुडघा उभा करून बसलेली, कुणीतरी ओतलेली. आमचा तिच्यावर हक्क नाही, हे आम्हाला माहीत होतं. आण्णांनी एक नग विकत आणला. मामांनी उलटा करून बघितला. "ओतकाम बरं हाय," म्हणाले. "पर टोचंल."

आणि गेल्या महिन्यात एक फोन आला. परगावचा, भांड्यांचा मोठा घाऊक व्यापारी. मी घेतला. त्यांनी पुण्यात विळी बघितली होती, नोंदणी झाल्याचंही त्यांच्या वकिलानं शोधलं होतं. मी फोन आण्णांना दिला. आण्णा ऐकत राहिले, मग फोनवर हात ठेवून पडद्याकडं चालत गेले. मी मागोमाग. रंधा चालू होता. आम्ही थांबलो. साल पडली, फुंकर झाली, चष्मा वर गेला.

"हं. बोला."

"मामा, ते विचारतायत."

"काय?"

"तुमची दुसरी विळी त्यांच्याकडं ओतली तर चालेल का, म्हणून. परवानगी मागतायत. काय अटी असतील त्या सांगा म्हणतायत."

रंध्याच्या खाचेत अडकलेली साल मामांनी बोटानं काढली आणि लांब केली.

"इचारतायत व्हय," म्हणाले.

"हो."

"मग करा म्हणावं. पर पॅटर्न मी देणार. त्यांच्या सुताराला त्या उतरणीचं आकसमाप जमायचं न्हाय. चार दिस तितं जाऊन मी सोता बघणार. आन बनाबाईला संगं नेणार. हात तिचा हाय."

आण्णांनी फोन कानाला लावला. "साहेब," ते म्हणाले, "आमच्या डिझायनरना विचारलं. ते तयार आहेत. फक्त ते दोघं येतील."